नॅशनल हरिकेन सेंटरचं संकेतस्थळ : मुलं तिकडे, वादळ तिकडे, आणि आपण इकडे

टॅम्पा, मायामी, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स यांपैकी एखाद्या शहरात ज्यांचा जीव अडकलेला आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहिलं आहे. अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तीव्र चक्रीवादळांचा, मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्याचा कळस साधारण १० सप्टेंबरच्या सुमारास असतो. म्हणजे इकडे गणपती आणि पितृपक्षाची धांदल असते, तेव्हा तिकडे सगळ्यात धोक्याचे दिवस असतात. वादळाचं नाव बातम्यांत आलं की घरातला प्रत्येक जण फोन उघडतो. कुणाला एका ॲपवर लाल रेघ दिसते, कुणाला व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा. तासाभराने सगळ्यांकडे वेगवेगळी माहिती असते आणि काळजी मात्र सगळ्यांची दुप्पट झालेली असते.

यावर उपाय म्हणून एकच जागा सांगायची, तर ती मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरचं संकेतस्थळ. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारातलं हे केंद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा भाग आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे वॉच आणि वॉर्निंग, म्हणजे धोक्याच्या सूचनेच्या दोन पायऱ्या, इथूनच निघतात, आणि वृत्तवाहिन्यांवर दिसणारा अंदाजाचा शंकूही बहुतेक वेळा इथलाच असतो. पैसे नाहीत, जाहिरात नाही, नावनोंदणी नाही. मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मिळतो. पान दाटीवाटीचं आहे, अक्षरं बारीक आहेत, आणि पहिल्यांदा उघडणारा माणूस हमखास चुकीच्या चित्रावर जाऊन बसतो. त्यामुळे ही सेवा उत्तम असली, तरी ती वाचायची कशी हे कुणीतरी सांगावं लागतं.

आधी वेळा. किनाऱ्याकडे येणाऱ्या वादळाचं पूर्ण बुलेटिन, म्हणजे ॲडव्हायजरी, दर सहा तासांनी निघते. फ्लोरिडाच्या उन्हाळी घड्याळात पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. भारतीय वेळेत याच वेळा अनुक्रमे दुपारी २.३०, रात्री ८.३०, मध्यरात्रीनंतर २.३० आणि सकाळी ८.३० अशा येतात. किनाऱ्याला वॉच किंवा वॉर्निंग लागू झाली की मधल्या वेळेतही एक छोटी ॲडव्हायजरी निघते, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ११.३०, संध्याकाळी ५.३०, रात्री ११.३० आणि पहाटे ५.३० वाजता. सगळं वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेवर बांधलेलं आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली, तरी आपल्याकडच्या वेळा बदलत नाहीत. नकाशावर वेळेपुढे ‘झेड’, म्हणजे हीच प्रमाणवेळ दिसली, तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. ‘ईडीटी’ दिसलं तर साडेनऊ तास. ‘सीडीटी’, म्हणजे ह्यूस्टन किंवा न्यू ऑर्लिन्सची वेळ दिसली, तर साडेदहा.

वेळापत्रकाला एवढं महत्त्व देण्याचं कारण म्हणजे दोन ॲडव्हायजऱ्यांच्या मध्ये अधिकृत अंदाज सहसा बदलत नाही. एकदम काही घडलं, तर केंद्र वेगळं तातडीचं अपडेट काढतं. एरवी दर दहा मिनिटांनी पान ताजं केल्याने आपला रक्तदाब तेवढा वाढतो. प्रत्येक ॲडव्हायजरीच्या तळाशी ‘नेक्स्ट ॲडव्हायजरी’ या मथळ्याखाली पुढची वेळ दिलेली असते. तोपर्यंत फोन खाली ठेवायला हरकत नाही. रात्री ८.३०ची ॲडव्हायजरी वाचून नऊच्या सुमारास तिकडे फोन करणं सगळ्यात सोयीचं पडतं. फ्लोरिडात तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि दोन्हीकडे एकच ताजी माहिती असते. मध्यरात्री २.३०ची ॲडव्हायजरी वादळ किनाऱ्याला लागायच्या आदल्या रात्रीपुरती ठेवावी.

आता ते चुकीच्या वेळी उघडलं जाणारं चित्र, म्हणजे अंदाजाचा शंकू. वादळाच्या ठिपक्यापासून पुढे रुंद होत जाणारा पांढरा पट्टा. पहिल्या तीन दिवसांचा भाग भरीव पांढरा असतो, चौथ्या-पाचव्या दिवसाचा ठिपक्याठिपक्यांचा. मधल्या काळ्या गोलांत अक्षरं असतात: ‘एस’ म्हणजे उष्णकटिबंधीय वादळ, ‘एच’ म्हणजे हरिकेन, ‘एम’ म्हणजे ताशी ११० मैलांपेक्षा जोरदार मोठं हरिकेन. किनाऱ्यावर लाल रंग हरिकेन वॉर्निंगचा, गुलाबी हरिकेन वॉचचा, निळा उष्णकटिबंधीय वादळाच्या वॉर्निंगचा आणि पिवळा त्याच्या वॉचचा.

शंकूचा आकार पाहून बहुतेकांना वाटतं की वादळ एवढं मोठं होणार आहे आणि पट्ट्याबाहेरचं गाव सुरक्षित आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. गेल्या पाच वर्षांत हरिकेन सेंटरच्या स्वतःच्या अंदाजात किती चूक झाली, ते बघून प्रत्येक वेळेसाठी असं वर्तुळ घेतात की त्यात दोन-तृतीयांश चुका मावतील. ही वर्तुळं जोडली की शंकू तयार होतो. याचा सरळ अर्थ असा, की दर तीन वेळांत साधारण एकदा वादळाचं केंद्र पट्ट्याबाहेर जातं आणि तेही हिशेबात धरलेलंच आहे. शिवाय वारा, पाऊस आणि उधाण (वादळाने किनाऱ्यावर लोटलेलं समुद्राचं पाणी) केंद्रापासून शेकडो मैल पसरतात, त्यांचा या चित्रात हिशेबच नाही. पाचव्या दिवशी केंद्राच्या जागेतली सरासरी चूक दोनशे सागरी मैलांच्या आसपास असते. तेव्हा पाच दिवस आधी मधली रेघ आपल्या मुलाच्या गावावरून जाताना दिसली म्हणून धीर सोडू नये, आणि बाजूने जाताना दिसली म्हणून निश्चिंतही होऊ नये.

२०२२चं इयन हे याचं चांगलं उदाहरण. आधीच्या दिवसांत मधली रेघ टॅम्पाजवळून जात होती आणि सगळ्यांचं लक्ष टॅम्पावर होतं. २८ सप्टेंबरला वादळ त्याच्या बरंच दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर पाचपैकी चौथ्या श्रेणीत धडकलं. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढलं. टॅम्पा उपसागराचं पाणी मात्र उलट ओसरलं आणि तळ उघडा पडला. कारण सोपं आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत लोटतो. उत्तरेला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बाहेर काढतो. रेघ थोडी इकडे-तिकडे सरकली की एका गावाचं पाणी दुसऱ्या गावाच्या वाट्याला येतं.

दोन वर्षांनी हेलीनने दुसरी बाजू दाखवली. सप्टेंबर २०२४मध्ये तिचं केंद्र टॅम्पापासून शंभर मैलांहून दूर समुद्रातून वर गेलं, तरीही टॅम्पा उपसागराच्या काठच्या घरांत पाणी शिरलं आणि माणसं गेली. नुसता शंकू बघणाऱ्याला त्या संध्याकाळी टॅम्पात काही होईल असं वाटलंच नसतं.

म्हणून वाचनाचा क्रम बदलावा. चित्राआधी मजकूर, आणि मजकुरातही ‘पब्लिक ॲडव्हायजरी’. ‘फोरकास्ट ॲडव्हायजरी’ नावाचा सारखाच दिसणारा दुसरा मजकूर असतो, तो जहाजांसाठी असतो आणि त्यात वेग नॉटमध्ये असतो. ११० नॉट वाचून कुणी ११० किलोमीटर समजलं तर घोटाळा होतो, कारण ते ताशी सुमारे २०५ किलोमीटर होतात. पब्लिक ॲडव्हायजरीत वेग मैल आणि किलोमीटर दोन्हीत दिलेला असतो.

पब्लिक ॲडव्हायजरीच्या सुरुवातीला ‘समरी’ हा छोटा भाग असतो. केंद्राचे अक्षांश-रेखांश, जवळच्या ओळखीच्या ठिकाणापासूनचं अंतर, वाऱ्याचा कमाल वेग, सरकण्याची दिशा आणि वेग, केंद्रातला दाब. यातली सरकण्याच्या वेगाची ओळ बहुतेक लोक वगळतात, पण घरच्यांच्या दृष्टीने तिचं मोल मोठं आहे. ताशी २० मैलांनी सरकणारं वादळ काही तासांत पुढे निघून जातं. ताशी ५ मैलांनी रेंगाळणारं दिवसभर एकाच जागी पाऊस ओतत राहतं. २०१७चं हार्वी टेक्ससमध्ये शिरून असंच अडकलं आणि काही ठिकाणी ६० इंचांपेक्षा जास्त पाऊस पडला. ह्यूस्टनला तेव्हा पाण्याने बुडवलं, वाऱ्याचा भाग त्यात थोडा होता.

पुढे वॉच आणि वॉर्निंगची यादी असते. वॉच म्हणजे शक्यता आहे, वॉर्निंग म्हणजे तसं होणं अपेक्षित आहे. वॉच साधारण ४८ तास आणि वॉर्निंग ३६ तास आधी देतात. हे तास मोजले जातात ते ताशी ३९ मैलांचा वारा सुरू होण्याच्या क्षणापासून मागे, वादळ धडकण्याच्या क्षणापासून नाही, कारण तेवढा वारा सुटला की खिडक्यांना फळ्या ठोकणं, शिडीवर चढणं, मोकळ्या पुलावरून गाडी नेणं सगळं धोक्याचं होतं. तयारीची मुदत तिथेच संपते. ‘वादळ शुक्रवारी येणार’ असं ऐकून शुक्रवार सकाळपर्यंत वेळ आहे, असं गृहीत धरणाऱ्यांची इथेच फसगत होते.

त्यानंतर ‘हॅझर्ड्स अफेक्टिंग लँड’ हा भाग. पूर्ण मजकुरात एकच परिच्छेद वाचायचा असेल, तर हा वाचावा. उधाण, वारा, पाऊस, टॉर्नेडो आणि समुद्राच्या लाटा यांचा धोका कुठे किती, हे किनाऱ्याच्या नावांसह इथे दिलेलं असतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मिल्टन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा कीला लागलं, पण त्याच्या टॉर्नेडोंनी माणसं मारली ती दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडच्या सेंट लूसी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. ‘आमचं गाव तर दुसऱ्या किनाऱ्यावर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

मजकूर झाला की दोन नकाशे. पहिला ताशी ३९ मैलांच्या वाऱ्याच्या आगमनाच्या वेळेचा. त्याचे दोन प्रकार दिसतात: एक ‘मोस्ट लाइकली’, दुसरा ‘अर्लिएस्ट रीझनेबल’. घरच्यांनी दुसराच उघडावा. त्यात दिलेल्या वेळेच्या आधी तो वारा सुटण्याची शक्यता १० टक्केच असते. म्हणजे सगळी कामं त्या वेळेआधी उरकली, तर दहापैकी नऊ वेळा माणूस सुरक्षित बाजूला असतो. पहिल्या प्रकारात ही शक्यता ५० टक्के असते, आणि निम्म्या वेळा उशीर होणारं वेळापत्रक कुटुंबाच्या हातात देऊ नये.

दुसरा नकाशा उधाणाच्या पाण्याचा, आणि या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत उष्णकटिबंधीय वादळांमुळे थेट झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पाण्यामुळे झाले, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे एकट्या उधाणामुळे. असं असूनही उधाणासाठी वेगळे वॉच आणि वॉर्निंग नियमितपणे मिळू लागले ते २०१७पासून. नकाशात निळा रंग म्हणजे जमिनीपासून एक फुटापेक्षा जास्त पाणी, पिवळा म्हणजे तीन फुटांपेक्षा जास्त, नारिंगी सहा आणि लाल नऊ. हे आकडे समुद्रसपाटीपासून नसून जमिनीपासून मोजलेले आहेत, त्यामुळे डोक्यात वेगळी वजाबाकी करावी लागत नाही. पिवळ्या पट्ट्यात घर असेल, तर तळमजल्यावर कंबरेइतकं पाणी येऊ शकतं असं धरायचं. नकाशा वाजवी पण वाईट शक्यता दाखवतो. प्रत्यक्षात पाणी त्याहून वर जाण्याची शक्यता दहात एक.

या नकाशाच्या दोन अडचणी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे तो ॲडव्हायजरीबरोबर लगेच येत नाही. पहिला नकाशा यायला तास-दीड तास जास्त लागतो, आणि वादळ साधारण दोन दिवसांवर आल्याशिवाय तो निघतच नाही. ‘नकाशात काही दिसत नाही’ याचा अर्थ तेव्हा ‘धोका नाही’ असा नसतो. दुसरी अडचण ब्राउझरची. फोन कधीकधी जुनंच चित्र दाखवत राहतो. प्रत्येक चित्रावर ॲडव्हायजरीचा क्रमांक आणि वेळ असते, ती मजकुरातल्या क्रमांकाशी ताडून बघावी. क्रमांक जुळत नसेल, तर पान पुन्हा उघडावं. घरच्या गटावर चित्र पाठवतानाही क्रमांक कापला जाणार नाही असं पाठवावं. जुना नकाशा ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो तो बहुतेक वेळा या कापाकापीमुळेच.

श्रेणीबद्दल थोडं. पहिली ते पाचवी ही सॅफिर-सिम्पसन श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते: पहिली ताशी ११९ किलोमीटरपासून, तिसरी १७८पासून, पाचवी २५२ आणि पुढे. पाऊस, उधाण, वादळाचा पसारा यांतलं काहीच तिच्यात नाही. जुलै २०२४मध्ये बेरिल टेक्ससला लागलं ते पहिल्या श्रेणीचं होतं, तरी ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कडक उन्हाळ्यात अनेक घरं कित्येक दिवस एसीशिवाय राहिली. ‘पहिलीच श्रेणी आहे’ हे वाक्य घरच्यांनी मुलांना धीर द्यायलासुद्धा वापरू नये. ते ऐकून माणसं पाणी आणि पेट्रोल भरून ठेवायचा कंटाळा करतात.

जोराच्या अंदाजात ही सेवा अजून कच्ची आहे, आणि ते केंद्र स्वतःही लपवत नाही. मार्गाचा अंदाज गेल्या काही दशकांत खूप सुधारला, पण वादळ अचानक किती तीव्र होईल हे अजून निसटतं. ऑक्टोबर २०२३मध्ये पॅसिफिकमधलं ओटिस एका दिवसात साध्या उष्णकटिबंधीय वादळाचं पाचव्या श्रेणीचं हरिकेन झालं आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर कोसळलं. संगणकांच्या मॉडेलांना ते दिसलंच नव्हतं. यासाठी ‘फोरकास्ट डिस्कशन’ हा मजकूर बघावा. भाषा तज्ज्ञांची आहे, पण अंदाज वर्तवणारा माणूस आपली खात्री किती आहे हे तिथे साध्या शब्दांत लिहितो. ‘अनसर्टन’, ‘लो कॉन्फिडन्स’, ‘रॅपिड इंटेन्सिफिकेशन’ हे शब्द दिसले, तर तयारी एक श्रेणी वरची धरावी. एवढं वाचायला वेळ नसेल, तर त्याच मजकुराच्या शेवटी ‘की मेसेजेस’ म्हणून तीन-चार मुद्दे दिलेले असतात.

सगळ्यात मोठी उणीव वादळ आत गेल्यावर जाणवते. जमिनीवर शिरून वादळ विरलं की या केंद्राचं काम बहुतेक वेळा संपतं आणि मेरीलँडमधलं वेदर प्रेडिक्शन सेंटर पुढची बुलेटिनं काढतं. घरच्यांना वाटतं, संपलं. १ सप्टेंबर २०२१च्या संध्याकाळी आयडाचे अवशेष न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कवर पोचले, तेव्हा ते हरिकेन राहिलं नव्हतं. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पडला. क्वीन्समध्ये तळघरांतल्या घरांत माणसं बुडाली, न्यू जर्सीत गाड्यांमध्ये. हेलीनचंही तेच. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या डोंगराळ भागात नद्यांनी गावं नेली. नातेवाईक किनाऱ्यापासून दूर असतील, तर हरिकेन सेंटरचं पान बंद करून राष्ट्रीय हवामान सेवेच्या मुख्य पानावर जावं आणि तिथल्या चौकटीत त्यांचा झिप कोड घालावा. त्या भागाच्या स्थानिक कार्यालयाचं पान उघडतं आणि फ्लॅश फ्लडची, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराची, वॉर्निंग तिथेच दिसते. ह्यूस्टनकडे हॅरिस काउंटीच्या पूर नियंत्रण खात्याचा स्वतंत्र नकाशाही आहे. प्रत्येक बायूवरच्या (तिकडच्या संथ ओढ्यावरच्या) मापकात पाणी काठापासून किती खाली आहे ते त्यात कळतं. मुलांच्या घराजवळचा मापक कोणता, हे कोरड्या दिवसांत शोधून ठेवावं.

घर सोडायचं की नाही, हे मात्र हरिकेन सेंटर सांगत नाही. तो आदेश काउंटीचा किंवा राज्याचा असतो. फ्लोरिडात बहुतेक किनारी काउंट्यांत निर्वासनाचे झोन अक्षरांनी ठरलेले असतात आणि ‘ए’ सगळ्यात आधी रिकामा करतात. इथे एक घोटाळा वारंवार होतो. पूरविम्याच्या नकाशावरचे झोनही अक्षरांनीच ओळखले जातात: ‘एई’, ‘व्हीई’, ‘एक्स’. मुलगा म्हणतो, “आई, आमचा झोन एक्स आहे, काळजी करू नकोस.” तो विम्याचा झोन सांगत असतो. तेच घर निर्वासनाच्या झोन ‘बी’मध्ये असू शकतं. तेव्हा विचारताना ‘इव्हॅक्युएशन झोन कोणता?’ असंच विचारावं. काउंटीचं नावही विचारून घ्यावं, कारण पत्त्यावरून ते कळतंच असं नाही. ह्यूस्टनजवळचं केटी तीन काउंट्यांत विभागलेलं आहे. झोन सोडायचा म्हणजे राज्य सोडायचं असंही नाही. पाणी जिथे चढणार नाही अशा भागातल्या मजबूत घरात, तीस-चाळीस मैलांवर मित्राकडे गेलं तरी बहुतेक वेळा पुरतं. सगळे एकाच हायवेवर निघाले, तर वादळ येईपर्यंत माणसं गाडीतच अडकतात.

वादळाच्या रात्री संपर्क तुटतो तेव्हा नातेवाईकांचा जीव खरा टांगणीला लागतो. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास चालतात, मग एकेक बंद पडतात. जे चालू असतात त्यांच्यावर ताण येतो. अशा वेळी व्हिडिओ कॉल लागत नाही, साधा कॉल कधी लागतो कधी नाही, पण एसएमएस रांगेत थांबून वाट मिळेल तसा निघतो. त्यामुळे आधीच ठरवावं: वादळाच्या टापूबाहेरचा, अमेरिकेतलाच एक माणूस, समजा शिकागोतली मैत्रीण. मुलं फक्त तिला एसएमएस करतील आणि ती बाकी सगळ्यांना कळवेल. दहा नातेवाईकांनी दहा वेळा फोन करून मुलांच्या फोनची बॅटरी संपवायची नाही. मेसेजचा साचाही ठरलेला असावा: “ठीक. घरीच. वीज नाही. पाणी आत नाही. पुढचा मेसेज सकाळी ८ ला.” पुढच्या मेसेजची वेळ लिहिणं सगळ्यात गरजेचं, कारण वाट बघणाऱ्याला त्या वेळेपर्यंत धीर धरता येतो. ती वेळ टळली, तरी सहा तास टॉवरचा दोष धरावा आणि मगच पुढची शोधाशोध सुरू करावी.

त्या सहा तासांत दोन जागा उपयोगी पडतात. पॉवरआउटेज डॉट यूएसवर काउंटीनिहाय किती ग्राहकांची वीज गेली ते दिसतं. ग्राहक म्हणजे एक मीटर, एक माणूस नव्हे. काउंटीत ९० टक्के वीज गेलेली दिसली, तर मुलाचा फोन बंद असण्याचं साधं कारण समोरच असतं. वादळानंतर एक-दोन दिवसांत, ढग हटल्यावर, नोआ या अमेरिकेच्या सागर आणि हवामान संस्थेच्या नॅशनल जिओडेटिक सर्व्हेची विमानं जास्त नुकसान झालेल्या भागाची वरून छायाचित्रं घेतात आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवतात. नकाशावर पत्ता शोधला की घराचं छप्पर दिसेल इतकं जवळ जाता येतं. छप्पर शाबूत आहे, गाडी दारात आहे, एवढं कळतं. घरात पाणी शिरलं होतं का, ते वरून दिसत नाही, म्हणून छायाचित्र बघून पुरता सुस्काराही सोडू नये.

वीज नसलेल्या दिवसांत धोका वेगळा असतो, आणि तोवर बातम्या थांबलेल्या असतात. पोर्टेबल जनरेटरचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दर मोठ्या वादळानंतर त्याने माणसं जातात. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवायचा. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, खिडकीखाली नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावायचा. फ्रिजमधलं अन्न दार न उघडता चार तास टिकतं. पूर्ण भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, या हिशेबाने आधीच भरलेलं असावं. फोन लागला की हे सगळं विचारायचं, आणि सुरुवात जनरेटर कुठे ठेवलाय यापासून करायची.